ट्रायलोबाइटचे पाय कुठे गेले?

२०२४ च्या जूनमध्ये मोरोक्कोतून आलेली एक बातमी बऱ्याच जणांच्या वाचनात आली असेल. ॲटलास पर्वतात ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले काही ट्रायलोबाइट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, सापडले. त्यांच्या मिशा, पाय, पायांवरचे बारीक केस आणि तोंडाची फटसुद्धा जशीच्या तशी शाबूत होती. 'सायन्स' नियतकालिकात शोधनिबंध आला आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराची आठवण काढणारे मथळे झळकले. आता या प्राण्याच्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्याचे नमुने संग्रहालयांत आहेत, बाजारात आहेत, लोकांच्या गळ्यात लटकनासारखेही आहेत. मग त्याचे तोंड दिसले ही बातमी कशी काय?

बातमी अशी, की ट्रायलोबाइट म्हणून आपण जे पाहतो ती बहुतेक वेळा फक्त त्याची पाठ असते. बाकीचा प्राणी खडकापर्यंत पोहोचलेलाच नसतो. जो पोहोचला तो का पोहोचला आणि जो गळाला तो कुठे गळाला, हे कळले की कँब्रियन काळाबद्दलच्या, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या त्या कालखंडाबद्दलच्या, अर्ध्याअधिक कोड्यांची उकल होते. त्यासाठी आधी प्राणी आणि मग चिखल, अशा क्रमाने जाऊ.

पाठ कठीण, पोट नरम

ट्रायलोबाइट हा समुद्रातला संधिपाद प्राणी. संधिपाद म्हणजे सांध्यांचे पाय आणि अंगावर खंडाखंडांचे कवच असलेले प्राणी. खेकडा, कोळंबी, विंचू, झुरळ हे सगळे त्याच मोठ्या गोतावळ्यातले. ट्रायलोबाइट खडकांत पहिल्यांदा दिसतात ते सुमारे ५२ कोटी १० लाख वर्षांपूर्वी आणि शेवटचे संपतात ते सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे डायनोसॉर यायच्या आधीच त्यांचा कारभार आटोपला होता.

त्याच्या अंगाचे आडवे तीन भाग पडतात: डोक्याची ढाल, खंडांचे धड आणि शेवटची शेपटीची ढाल. पण त्याचे नाव पडले ते उभ्या तीन पाळ्यांवरून. मधोमध कण्यासारखी फुगीर पाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट पाळी. धडाचे खंड मोजणे हे ओळखीचे पहिले काम. अमेरिकेतल्या एल्राथिया किंगी या जातीच्या प्रौढाला साधारणपणे १३ खंड असतात, तर कॅनडातल्या ओलेनॉइडीसला ७.

पाठीवरचे कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची बनते त्याचे. डोळ्यांची भिंगेही कॅल्साइटचीच. मात्र हे खनिज पाठीवर आणि कडेने थोडेसे आत वळलेल्या किनारीपर्यंतच होते. पोटाकडची बाजू, मिशा, पाय, कल्ले हे सगळे खनिज न मुरलेल्या नरम त्वचेचे. पोटाकडून तोंडाशी असलेली एक छोटी ढाल तेवढी कठीण. प्राणी मेला की काही दिवसांत, फार तर आठवड्यांत नरम भाग कुजून जातात किंवा दुसऱ्या कुणाच्या पोटात जातात. पाठ मात्र मागे राहते. म्हणूनच २०,००० जातींपैकी ज्यांचे पाय प्रत्यक्ष दिसले आहेत अशा जाती अवघ्या काही डझन आहेत.

त्यात आणखी एक गोम आहे. संधिपाद प्राणी वाढताना कात टाकतात. ट्रायलोबाइटच्या डोक्यावर दोन्ही डोळ्यांजवळून जाणाऱ्या शिवणी असत. कात टाकताना त्या उसवत, दोन्ही गाल सुटे होत आणि प्राणी पुढच्या बाजूने बाहेर निघे. एकाच प्राण्याने आयुष्यात अशी अनेक कवचे टाकलेली असतात. त्यामुळे एका थरात हजार ट्रायलोबाइट मिळाले म्हणून तिथे हजार प्राणी मेले असा हिशेब करता येत नाही. नमुना हातात आला की आधी गाल पाहावेत. दोन्ही गाल नसतील, किंवा डोक्याची ढाल उलटी होऊन धडाजवळ पडलेली असेल, तर ती बहुधा कात आहे. गाल जागच्या जागी असतील तर तो मेलेला प्राणी असण्याची शक्यता जास्त. कँब्रियन जातींच्या डोळ्यांच्या जागी अनेकदा नुसते भोक दिसते, कारण डोळ्याभोवतीही शिवण असे आणि डोळ्याचा पृष्ठभाग तिथून गळून पडे. नमुना खराब आहे असे समजून तो टाकून देऊ नये.

शेल म्हणजे दाबलेला चिखल, पण कसा?

शेल हा अतिशय बारीक गाळापासून बनलेला, पातळ पापुद्र्यांत सुटणारा खडक. त्यातले चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या २५६ व्या भागाहूनही बारीक आणि चपटे असतात. तळाशी बसताना ते कसेही, आडवेतिडवे पडलेले असतात आणि त्या ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त पाणीच असते. वरून आणखी गाळ साचत गेला की पाणी पिळून निघते आणि पत्त्यांचा विस्कटलेला ढीग तळहाताने दाबावा तसे हे कण आडवे होऊन एकमेकांवर बसतात. शेल आडव्या पातळीत फुटतो तो यामुळे, आणि आत जीवाश्म असेल तर फट बहुतेकदा त्याच्या पृष्ठभागावरूनच जाते, कारण तिथली पकड कमी असते.

दाबले जाण्याची किंमत जीवाश्मालाही मोजावी लागते. मुळात फुगीर असलेली डोक्याची ढाल शेलमध्ये बसकी होते, तिच्यावर बारीक तडे दिसतात. तीच जात चुनखडीत सापडली तर फुगवटा शाबूत असतो. जुन्या काळी चपटा आणि फुगीर अशा एकाच जातीच्या नमुन्यांना वेगवेगळी नावे दिली गेली, आणि ती निस्तरण्यात नंतरच्या अभ्यासकांचा बराच वेळ गेला.

शेल आणि शाळेच्या पाटीचा दगड यांत गल्लत होते. पाटीचा दगड म्हणजे पुढे डोंगर घडताना आणखी तापलेला, दाबलेला शेल. तो मूळ थरांच्या पातळीत न फुटता नव्या, बहुतेक वेळा तिरप्या पातळीत फुटतो. जीवाश्म आत असला तरी फट त्याला कापून जाते.

पण मऊ प्राणी टिकलेच कसे?

याचे सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला बर्जेस शेल, योहो राष्ट्रीय उद्यानात, फील्ड आणि वाप्टा या शिखरांमधल्या कड्यावर. १९०९ च्या ऑगस्टअखेर चार्ल्स वॉलकॉट यांना तिथे पहिले नमुने मिळाले. ते तेव्हा स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख होते. पुढच्या दीड दशकात त्यांनी तिथून सुमारे ६५,००० नमुने काढले. खडकाचे वय सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षे. तिथे ओलेनॉइडीस सेराटस हा ट्रायलोबाइट मिशा, पाय आणि मागच्या टोकाला असलेल्या मिशांसारख्या दोन शेपट्यांसकट सापडतो. त्याच्या भोवती कवच नसलेले असंख्य प्राणी आहेत, ज्यांचा इतर खडकांत पत्ताही नसतो. मरेला नावाचा, नख भरेल एवढा संधिपाद तर हजारोंनी आहे.

मऊ शरीर टिकायला काही गोष्टी एकापाठोपाठ, आणि त्याही झटपट, घडाव्या लागतात. पहिली म्हणजे अचानक गाडले जाणे. समुद्राखालच्या उतारावरून चिखलाचा लोंढा आला, प्राण्याला उचलून खोल पाण्यात घेऊन गेला आणि तिथेच त्याच्यावर बसला. लोंढ्यात सापडल्याचा पुरावा नमुन्यांतच आहे: एकाच थरातले प्राणी कुणी उताणे, कुणी पालथे, कुणी कुशीवर असे पडलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे तळाशी प्राणवायूचा तुटवडा, ज्यामुळे मेलेले खाणारे आणि चिखल उकरणारे प्राणी तिथे फिरकत नाहीत.

एवढ्यावर भागले असते तर प्रत्येक कोंदट खाडीत बर्जेस शेल तयार झाला असता. प्राणवायूशिवायही कुजणे चालूच राहते. समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून जगणारे जिवाणू ते काम बिनबोभाट उरकतात. २०१२ साली भूशास्त्रज्ञ रॉबर्ट गेन्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा खडकांचे रसायन तपासून जो खुलासा मांडला तो इथे उपयोगी पडतो. कँब्रियन समुद्रात सल्फेट कमी होते आणि तळावर कार्बोनेट चटकन साखळत असे. गाळाच्या नव्या थराच्या माथ्यावर कार्बोनेटचे कवच धरले, की वरच्या पाण्यातून आत सल्फेट आणि प्राणवायू झिरपणे बंद. जिवाणूंची रसद तुटली आणि त्वचेचा उरलासुरला भाग कार्बनच्या पातळ पापुद्र्याच्या रूपात राहिला. मातीच्या खनिजांनीही यात हातभार लावला असावा. तो किती, यावर वाद चालू आहे.

बर्जेस शेलबद्दल एक जुनी समजूत होती की तिथल्या समुद्राखालच्या उंच कड्यामुळेच हे सगळे जमले. मग २०१२ मध्ये कूटने राष्ट्रीय उद्यानात मार्बल कॅन्यनचे तितकेच भरघोस ठिकाण मिळाले. आता कड्याला तेवढे महत्त्व उरलेले नाही.

चीनच्या युन्नान प्रांतातले चेंगजियांग यापेक्षा जुने, सुमारे ५१ कोटी ८० लाख वर्षांचे. होउ शियानग्वांग यांना ते १९८४ मध्ये सापडले. तिथल्या शेलची झीज झाल्यामुळे जीवाश्मांतल्या लोहखनिजाचा गंज झाला आहे, म्हणून पिवळट दगडावर तांबूस आकृत्या दिसतात. बर्जेसच्या आकृत्या काळ्या दगडावर काळ्याच. त्या नीट पाहायच्या तर दगड तिरपा धरून चमक शोधावी लागते.

मोरोक्कोची राख या सगळ्याहून वेगळी. ज्वालामुखीचा तप्त राखेचा लोट उथळ समुद्रात शिरला आणि ती राख प्राण्याभोवती तो कुजण्याआधीच कडक झाली. चिखलात दबून चपटे व्हायचे ते राखेच्या साच्यात उंची-रुंदी-खोलीसकट राहिले. म्हणूनच सूक्ष्म सीटी स्कॅन करून तोंडाभोवतीचे अवयव एकेक वेगळे करून पाहता आले, आणि म्हणूनच ती बातमी झाली.

हा नुसता डाग नाही कशावरून?

शंका रास्त आहे. काही वेळा तो खरोखर डाग असतो. मरेलाच्या अनेक नमुन्यांच्या मागच्या टोकाशी एक गडद ओघळ दिसतो. तो अवयव नव्हे. शरीर दबले तेव्हा आतला कुजका द्रव बाहेर आला, त्याची ती खूण आहे. अवयव आणि ओघळ यांतला फरक ठरवायचा तर एकच उत्तम नमुना पुरत नाही. तोच आकार, त्याच जागी, वेगवेगळ्या कोनांत पडलेल्या अनेक प्राण्यांत दिसला पाहिजे.

हे न पाळल्याने काय होते, याचे नमुने या शास्त्राच्या इतिहासातच आहेत. बर्जेस शेलमधला हॅलुसिजेनिया हा प्राणी १९७७ मध्ये उलटा रेखाटला गेला: पाठीवरचे काटे म्हणजे पाय आणि पाय म्हणजे पाठीवरचे कसलेसे धागे. १९९१ मध्ये चीनमधल्या जवळच्या प्रकारांवरून तो सुलटा झाला, आणि कुठल्या टोकाला डोके आहे हे पक्के व्हायला २०१५ उजाडले. तोवर ज्याला काही जण डोके समजत होते तोही ओघळच होता. अनोमॅलोकॅरिसची गोष्ट याहून मजेशीर. त्याच्या तोंडापुढचा सांध्यांचा अवयव १८९२ मध्ये कोळंबीसारख्या प्राण्याचे धड म्हणून नोंदला गेला. या गटाचे वाटोळे तोंड जेलीफिश म्हणून. अखेर १९८५ मध्ये हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी हे सुटे तुकडे एकाच प्रकारच्या मोठ्या शिकारी प्राण्याचे असल्याचे दाखवून दिले.

कुजण्याचाही एक क्रम असतो. प्रयोगशाळेत आजचे मेलेले प्राणी समुद्राच्या पाण्यात ठेवून कोणता अवयव कितव्या दिवशी ओळखेनासा होतो ते नोंदतात. गंमत अशी की, कण्याच्या प्राण्यांच्या पूर्वजांसारख्या मऊ जिवांत आधी कुजतात ते त्यांची नेमकी ओळख पटवणारे अवयव. अर्धवट कुजलेला प्राणी त्यामुळे आहे त्यापेक्षा आदिम वाटतो. कुठलाही 'आद्य पूर्वज' जाहीर झाला की तो किती कुजलेला होता, हे आधी विचारावे.

एल्राथिया: वरून देखणा, खालून कोरा

बाजारात सर्वांत जास्त दिसणारा कँब्रियन ट्रायलोबाइट म्हणजे एल्राथिया किंगी. अमेरिकेच्या युटा राज्यात डेल्टा गावाच्या पश्चिमेला हाऊस रेंज नावाच्या डोंगररांगेत व्हीलर शेल उघडा पडला आहे, सुमारे ५० कोटी ५० लाख वर्षांचा. एल्राथिया तिथला. एक-दोन सेंटिमीटरचा, काळा, आणि शेलमधून चक्क सुटून हातात येणारा. तिथले मूळनिवासी पाह्वांट युट लोक त्याला भोक पाडून ताईत म्हणून गळ्यात घालत.

तो इतक्या विपुलतेने का मिळतो? गेन्स आणि मेरी ड्रोझर यांनी २००३ मध्ये दाखवले की एल्राथिया प्राणवायू अगदी कमी असलेल्या तळावर राहायचा. तिथे इतर प्राणी जवळजवळ नव्हतेच. स्पर्धा नाही, उकरणारे नाहीत. संख्याही वाढली आणि कवचेही जागच्या जागी राहिली. मोकळ्या, हवेशीर तळावर मेलेला ट्रायलोबाइट बहुधा सुट्या खंडांच्या कचऱ्यात जमा होतो.

आणि तो सुटून का येतो? गाडले गेल्यावर त्याच्या कवचाच्या खालच्या अंगाला तंतुमय कॅल्साइट वाढत गेले, जाड थर झाला. आजूबाजूचा शेल झिजतो, हा टणक तुकडा उरतो. पण हेच कॅल्साइट नेमके पोटाच्या जागी वाढले आहे. पाठीचा एकेक खंड मोजता येईल इतका सुबक नमुना उलटला की खाली दिसतो तो खडबडीत स्फटिकांचा थर, पाय असण्याची शक्यता मुळीच नसलेला.

त्याच शेलमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे, आंधळे, धडाला दोनच खंड असलेले ॲग्नॉस्टिड मिळतात. डोके कुठले आणि शेपूट कुठली हे नवख्याला कळत नाही इतकी दोन्ही टोके सारखी. ते ट्रायलोबाइट आहेत की नाहीत हा वाद जुना आहे. २०१९ मध्ये बर्जेस शेलमधल्या मऊ भागांसकटच्या नमुन्यांवरून ते ट्रायलोबाइटचे सख्ख्या नात्यातले ठरले.

पन्नास कोटी वर्षे कशावरून मोजली?

कार्बन-१४ वरून नक्कीच नाही. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्यासारखे काही उरतच नाही. इथे कामाला येतो झिरकॉन, ज्वालामुखीच्या राखेत सापडणारा चिवट स्फटिक. तो घडताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला थारा देत नाही. पुढे युरेनियमचे शिसे होत जाते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. दोघांचे प्रमाण मोजले की स्फटिकाचे वय निघते.

अडचण अशी की शेलमध्ये वाहून आलेले झिरकॉन जुन्या डोंगरांतून झिजून आलेले असतात. त्यांचे वय हे शेलचे वय नव्हे. शेल त्याहून तरुण आहे, एवढेच त्यावरून म्हणता येते. म्हणून शेलच्या वर-खाली राखेचा थर शोधतात. तो नसेल तेव्हा ट्रायलोबाइटच कामाला येतात. काही जाती थोडाच काळ टिकल्या पण अनेक समुद्रांत पसरल्या. एका ठिकाणी त्यांच्याजवळ राख मिळून वय निघाले की दुसऱ्या खंडातला तोच थर जुळवता येतो.

मग हे सगळे प्राणी एकदम उगवले का?

'कँब्रियन स्फोट' या शब्दाने बराच गोंधळ घातला आहे. कँब्रियनची सुरुवात सुमारे ५३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची धरली जाते, आणि ती धरताना खूण म्हणून वापरली आहेत ती चिखलातली बिळे. ती खणणारा प्राणी कोणता ते कुणी पाहिलेले नाही. पहिला ट्रायलोबाइट त्यानंतर सुमारे पावणेदोन कोटी वर्षांनी दिसतो. एवढा काळ म्हणजे स्फोटाच्या मानाने फारच ऐसपैस. शिवाय पहिले ट्रायलोबाइट दिसतात तेव्हाच त्यांच्यात वेगवेगळे गट पडलेले असतात, म्हणजे त्यांचे कवच नसलेले पूर्वज आधी कुठेतरी होतेच. खनिजाचे कवच आले आणि टिकणे सोपे झाले, हा बदल खडकात फार ठळक दिसतो. वेग खरोखर वाढला होता, हे मात्र नाकारता येत नाही. प्राण्यांच्या बहुतेक मुख्य घडणी याच अवधीत दिसू लागतात, आणि त्याचे एकच एक कारण अजून कुणाला पटवून देता आलेले नाही.

ओडिशाच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या, घोड्याच्या नालेसारख्या ढालीच्या प्राण्याला कुणी जिवंत ट्रायलोबाइट म्हणतात. तसे नाही. तो विंचू-कोळ्यांच्या गोतातला. ट्रायलोबाइट मागे वंशज न ठेवता संपले.

भारतात आहेत का? महाराष्ट्रात?

भारतात आहेत, आणि चांगले आहेत. हिमाचलच्या स्पितीत, पिन नदीला मिळणाऱ्या पराहिओच्या खोऱ्यात कँब्रियन शेल आणि वालुकाश्मांचे जाड थर आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री हेडन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथे गोळा केलेल्या जीवाश्मांचे वर्णन पुराजीवशास्त्रज्ञ रीड यांनी १९१० मध्ये छापले. त्यातली एक जात आज ओरिक्टोसेफॅलस इंडिकस म्हणून ओळखली जाते. चीनच्या ग्वीजौ प्रांतात २०१८ मध्ये कँब्रियनच्या 'वुलियुअन' या टप्प्याची सुरुवात जगासाठी पक्की झाली, ती याच जातीच्या पहिल्या दर्शनावरून. जगाच्या कालगणनेतली एक रेघ स्पितीतून नाव मिळालेल्या प्राण्यावर आखलेली आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

हिमालय घडताना स्पितीचे थर पिळवटले गेले, त्यामुळे तिथले ट्रायलोबाइट कुठे लांबुळके तर कुठे एका अंगाला कललेले दिसतात. भूशास्त्रज्ञांना ते सोयीचे पडते: मूळ प्राणी डावी-उजवीकडे सारखा होता हे ठाऊक असल्याने खडक किती आणि कुठल्या दिशेला ताणला गेला ते त्यावरून मोजता येते. जाती ओळखणाऱ्याला मात्र हाच पीळ नडतो. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय चमूने केलेल्या पुनर्तपासणीत जुन्या नावांची बरीच झाडाझडती झाली.

स्पितीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. 'स्पिती शेल' या नावाने प्रसिद्ध असलेला काळा शेल कँब्रियन नाही, तो मुख्यतः ज्युरासिक काळातला, म्हणजे पस्तीसेक कोटी वर्षांनी अलीकडचा. त्यात ॲमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारख्या कवचाचे नामशेष समुद्री प्राणी, मिळतात. नेपाळच्या गंडकीतून येणारे आणि आपल्या देवघरांत पुजले जाणारे शाळिग्राम त्याच प्रकारच्या थरांतले. शाळिग्रामात ट्रायलोबाइट निघणार नाही.

महाराष्ट्रात ट्रायलोबाइट मिळण्याची आशा धरू नये. राज्याचा बहुतांश भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकलेला. चंद्रपूर-नागपूरकडे गोंडवन काळाचे थर आहेत, त्यांत शेलही आहे आणि ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे सुरेख ठसेही. पण तो गाळ नद्या-तळ्यांचा, आणि ट्रायलोबाइट फक्त समुद्रातले. सिंधुदुर्गातले कलादगी थर आणि गोव्याचे धारवाडी खडक पाहावेत तर ते ट्रायलोबाइटच्या कितीतरी आधीचे. हवा तो काळ नेमका गाळलेला आहे.

शेल फोडताना आणि साफ करताना

युटामध्ये सार्वजनिक जमिनीवर सामान्य अपृष्ठवंशी जीवाश्म स्वतःपुरते, वाजवी प्रमाणात गोळा करता येतात. विकता येत नाहीत. परदेशी राहणारे मराठी वाचक सुटीत तिकडे जातात म्हणून पुढचा तपशील. बर्जेस शेलमध्ये मात्र खडा उचलणेही गुन्हा आहे. तिथे वाटाड्यासोबत चालत जाऊन पाहता येते, तेवढेच.

लादी उभी धरावी, रुंद पात्याची छिन्नी थराच्या रेषेवर ठेवावी आणि एकाच जागी जोरात हाणण्याऐवजी कडेकडेने हलके ठोके देत फिरावे. जोरात हाणले की फट थर सोडून तिरपी पळते आणि नमुना दुभंगतो. फुटल्यावर दोन्ही अर्धे ठेवावेत. एकावर उठाव असतो, दुसऱ्यावर ठसा, आणि काही तपशील ठशाच्याच बाजूला चिकटून येतो. दोन्हींवर त्याच क्षणी एकच क्रमांक घालावा, वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवावे, कागदात वेगवेगळे गुंडाळावे. ठिकाण आणि थर न लिहिलेला नमुना दिसायला कितीही छान असो, अभ्यासाला निरुपयोगी.

पाण्याखाली धरून घासू नये. चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना पापुद्रे सुटतात. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे आम्ल तर अजिबात नको. कवच कॅल्साइटचे, ते दगडाच्या आधी विरघळते. भिंगाखाली सुईने एकेक कपची उडवणे हेच खरे काम. प्रयोगशाळेत हवेच्या झोताने पूड मारून माती उडवतात. खनिजांच्या कठिणतेच्या १ ते १० अशा मोजपट्टीवर कॅल्साइटची कठिणता ३, म्हणून त्याहून मऊ असलेला खायचा सोडा सुरक्षित. डोलोमाइट या खनिजाची पूड कॅल्साइटपेक्षा किंचित कठीण, ती कमी दाबाने वापरावी लागते. सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यांवर ॲसिटोनमध्ये पातळ केलेले ॲक्रिलिक रेझिन लावतात. जाड थर दिला तर चकाकी येते आणि तपशील झाकला जातो.

छायाचित्र घेताना प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, अगदी कललेला. ट्रायलोबाइटवर नवसागर तापवून त्याचा पांढरा धूर बसवतात. रंगांतले फरक झाकले जातात आणि उंचसखलपणा उठून दिसतो. धूर हवेशीर जागीच करावा, आणि छायाचित्र झाले की तो लगेच काढावा, कारण नवसागर ओल धरतो. बर्जेसच्या कार्बनी पापुद्र्याला हा उपाय चालत नाही, तिथे उंची जवळजवळ नसतेच. त्याला ध्रुवीकृत प्रकाश लागतो.

विकत घेताना

एल्राथियाची नक्कल सहसा कुणी करत नाही, कारण खराच स्वस्त पडतो. त्यात लबाडी होते ती वेगळी: सुटा नमुना दुसऱ्याच लादीवर चिकटवणे, बूटपॉलिश किंवा रंगाने काळा करणे. मोरोक्कोच्या मालात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. कँब्रोपॅलससारखे मोठे कँब्रियन ट्रायलोबाइट अनेकदा साच्यातून काढलेले असतात, दगडाची पूड आणि रेझिन मिसळून.

दहापट भिंगातून पाहावे. गोल बुडबुड्यांची भोके दिसली तर ते ओतकाम. खरा तडा दगडातून जीवाश्मात आणि जीवाश्मातून पुढे दगडात सरळ जातो. तडा जीवाश्माच्या कडेशी थांबत असेल तर दोन्ही वेगळे जोडलेले आहेत. अतिनील टॉर्च मारला की डिंक आणि रेझिन बहुधा वेगळे चमकतात. झाकल्या बाजूला तापवलेली सुई टेकवली आणि प्लास्टिकचा वास आला तर प्रश्न मिटला. आम्लाचा थेंब टाकून फेस आला म्हणजे माल अस्सल, ही समजूत मात्र सोडून द्यावी, कारण चुनखडीची पूड घातलेले रेझिनही फसफसते. विक्रेत्याकडे एकाच जातीचे चार नमुने असतील तर ते शेजारी ठेवून पाहावेत. चारही जणांचा तिसरा खंड डावीकडे त्याच जागी तुटलेला असेल, तर साचा एकच आहे.